एकोणिसाव्या पावलावरचा गडगा

मारोलोपने रचलेल्या गडग्याच्या सांध्यात सुरीचं पातं जात नसे. सिमेंट नाही, चिखल नाही. नुसता दगडावर दगड. तळ्याच्या काठापासून वर चढत गेलेल्या लुंबान तोरुआन गावच्या भातखाचरांचे निम्मे गडगे त्याच्या हातचे. दगड उचलण्याआधी तो त्याच्याभोवती फिरून बघायचा, कुठली बाजू खाली आणि कुठली आत ते ठरवायचा, आणि एकदा उचलला की थेट जागेवर ठेवायचा. हाताखालच्या माणसाने ठेवलेला दगड पुन्हा काढला, की एवढंच म्हणायचा, "फुकट वाकलास."

त्याचं सगळ्यात चांगलं काम मात्र कोणाला दाखवता आलं नसतं. ते काम झालं आहे हेच कोणाला कळू नये, म्हणून ते इतकं चांगलं केलेलं होतं.

तेव्हा तो एक्केचाळीस वर्षांचा होता. थोरल्या मुलीच्या नावावरून सगळे त्याला रोतुआचा बाप म्हणत आणि त्याच्या बायकोला, तियाम्साला, रोतुआची आई. घरात खाणारी तोंडं पाच. शेतात पिकलेला तांदूळ अकरा महिने पुरायचा. बाराव्या महिन्यात रताळी. सकाळी उकडलेली, दुपारी भाजलेली, संध्याकाळी पुन्हा उकडलेली. त्या महिन्यात शेजारच्या चुलीवरच्या भाताचा वास आला, की तियाम्सा उठून दार लावून घ्यायची.

शेजारचं खाचर चुलत भावाचं, पांतासचं. एकाच पायरीवर, लागून. मध्ये गडगा. झरा होता गडग्याच्या पलीकडे, पांतासच्या बाजूला, जेमतेम तीन पावलांवर. पाणी आधी पांतासचं खाचर भिजवायचं आणि उरेल ते गडग्यातल्या मोरीतून मारोलोपकडे यायचं. पांतास स्वतः दूर दुमाईच्या बंदरात हमालीला गेलेला. खाचर त्याची म्हातारी आई बघायची. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. बांधावरून चालताना ती पायाने चाचपत चालायची.

त्या वर्षी जमीन हलली. घरं वाचली, पण उतारावरचे गडगे जागोजागी बसले. मारोलोप आणि पांतासच्या मधला तर पूर्ण लोळला. चार दिवसांनी म्हातारी दारात आली.

"आमांग," ती म्हणाली. लेकाच्या वयाच्या माणसाला ती अशीच हाक मारायची. "गडगा पडलाय रे. तेवढा उभा करून दे. दुसऱ्या कोणाला सांगायची माझी इच्छा नाही. तुझ्या हाताला देवाने काहीतरी दिलंय."

"करतो, इनांगुदा," मारोलोप म्हणाला. धाकट्या चुलतीला तिकडे तसं म्हणतात.

त्याने अकरा दिवसांत गडगा उभा केला. पाच पावलं पांतासच्या खाचरात, आत.

पाच पावलं हा शब्द लहान आहे. काम लहान नव्हतं. जुन्या पायाचे दगड उकरून काढायचे. ते पहारीने सरकवत नव्या रेषेवर न्यायचे. रिकामी झालेली चर मातीने भरून, धुम्मस करून, वर गवताचे तुकडे बसवायचे, म्हणजे वण दिसणार नाही. आणि प्रत्येक दगडाचं शेवाळलेलं तोंड बाहेर ठेवायचं, म्हणजे गडगा कालचा नाही, आजोबाच्या वेळचा वाटेल. हे शेवटचं काम सगळ्यात किचकट. दगड ज्या बाजूने बसायला हवा ती बाजू आणि शेवाळाची बाजू, दोन्ही जुळायला हव्यात. अकरा दिवस त्याने पाठ सरळ केली नाही. आयुष्यात कुठल्याही प्रामाणिक कामावर त्याने एवढी मेहनत घेतली नव्हती.

म्हातारी रोज दुपारी त्याचं जेवण घेऊन यायची. नव्या रेषेजवळच्या दगडावर बसायची, त्याच्या घणाचा आवाज ऐकायची आणि पांतासच्या लहानपणच्या गोष्टी सांगायची. शेवटच्या दिवशी तिने हळद-मिरचीत शिजवलेला अख्खा मासा आणला. तो त्याच्या भातावर डोक्यापासून शेपटीपर्यंत सरळ ठेवला आणि आशीर्वाद देतात तसा त्याच्या मनगटाला हात लावला.

"गडगा पक्का राहो. रचणाऱ्याचे हात पक्के राहोत."

त्याने तो मासा खाल्ला. काटेसुद्धा चोखले. झरा आता त्याच्या बाजूला होता.

पुढच्या वर्षी तांदूळ बारा महिने पुरला. तियाम्साने बाराव्या महिन्यात मडक्यात हात घातला, तांदूळ हाताला लागला, आणि ती तशीच थोडा वेळ बसून राहिली. नवऱ्याला तिने काही विचारलं नाही. विचारायचं काही उरलंच नव्हतं.

पांतासच्या खाचराचं दूरचं टोक कोरड्या साली पिवळं पडायला लागलं. म्हातारी म्हणायची, "सगळं पिवळंच दिसतं मला हल्ली. डोळे गेले माझे."

गावातल्या जुन्या चर्चमध्ये दर रविवारी उपासनेच्या सुरुवातीला बायबलमधल्या दहा आज्ञांपैकी एक वाचत. पहिल्या रविवारी पहिली, दुसऱ्या रविवारी दुसरी, दहा झाल्या की पुन्हा पहिली. पाळक वाचायचे आणि सगळी मंडळी उभी राहून उत्तर द्यायची, की देवा, हे पाळायला आम्हांला बळ दे. मारोलोप लहानपणापासून हे म्हणत आला होता. आता ‘चोरी करू नको’ या आज्ञेचा रविवार जवळ आला, की तो दिवस मोजू लागायचा. पहिल्यांदा तो मध्येच खोकत बाहेर गेला. मग त्या रविवारी तो घरीच राहू लागला.

तियाम्साचा भाऊ वाल्देन त्या चर्चचा सिंतुआ होता, म्हणजे मंडळीच्या पंचांपैकी एक. मेव्हणे मेव्हणे एकमेकांना लाए म्हणतात, आणि लाएला चिमटा काढायचा हक्क असतोच. वाल्देन माडीच्या दुकानात सगळ्यांसमोर म्हणाला, "आमच्या लाएला अजब ताप आहे बघा. दर दहाव्या रविवारी येतो आणि दुपारच्या जेवणापर्यंत उतरतो."

सगळे हसले. मारोलोपही हसला. त्या काळात तो पीत असे. त्या दिवशी जरा जास्त प्याला.

म्हातारी सहा वर्षांनी गेली. पांतास दुमाईहून आला. केस पिकलेले, खांद्यांवर पोत्यांचे घट्टे, हसणं मात्र तसंच. तो मारोलोपपेक्षा चार वर्षांनी लहान. त्याला आंगकांग म्हणायचा, थोरल्या भावाला म्हणतात तसं. आईला पुरल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी तो खाचरात गेला. मारोलोप आपल्या बाजूला उभा होता. पांतास आपल्या खाचराच्या टोकाच्या आंब्यापासून निघाला आणि मोठ्याने मोजत गडग्यापर्यंत आला.

"चौदा," तो म्हणाला. "आंगकांग, लहानपणी आंब्यापासून गडग्यापर्यंत एकोणीस पावलं व्हायची. बाप मोजायला लावायचा. आठवतं?"

मारोलोप वाकून बांधावरचं तण उपटू लागला.

पांतासने गडग्यावर हात ठेवला. शेवाळावरून बोटं फिरवली. पलीकडच्या झऱ्याकडे बघितलं. मग हसला. "दुमाईत पाय लांब झाले वाटतं माझे."

"होतात," मारोलोप म्हणाला. "हमालीने होतात."

पांतासने खाचर कसायला वाल्देनला दिलं आणि आठवड्याने परत गेला. नावेत चढताना तो म्हणाला, "आंगकांग, गडगा सुरेख आहे हं." त्या वाक्याचा अर्थ मारोलोप पुढे वीस वर्षं लावत बसला.

त्यानंतर दोन वर्षांनी, तळ्यापलीकडच्या बाजाराच्या गावात एका नव्या मंडळीने मांडव घातला. मारोलोप गेला तो ढोलताशा ऐकायला. योनातान नावाचा तरुण पास्टर बोलत होता. तू काय केलंस ते देवाला ठाऊक आहे, तो म्हणाला, आणि ठाऊक असून त्याने तुला मोकळं केलंय. मारोलोप उभ्या उभ्या रडायला लागला. खोटं रडणं नव्हतं ते. पोटातून आलं. त्याचा हात कोणीतरी धरला, त्याच्यासाठी कोणीतरी प्रार्थना केली, आणि परतीच्या नावेत त्याला अंगातून दगड काढल्यासारखं हलकं वाटलं.

त्या दिवसापासून त्याने माडी सोडली. पत्ते सोडले. तियाम्सावर आवाज चढवणं सोडलं. लोक नावं ठेवायला टपून बसले होते. वर्षभराने त्यांनी नाद सोडला. विधवांचे पडलेले गडगे तो एक दमडी न घेता उभे करू लागला. दर रविवारी नावेने नव्या मंडळीत जायचा. तिथे गाणी होती, टाळ्या होत्या. आज्ञा वाचत नव्हते.

एकदा त्याने पास्टरला बाजूला घेतलं. "बंधू योनातान, एक विचारतो. तारण होण्याआधी एखाद्याने काही घेतलेलं असेल. दुसऱ्याचं. तर तारण झाल्यावर त्याने ते परत करायलाच पाहिजे का?"

योनातान सव्वीस वर्षांचा होता आणि त्याच्याजवळ प्रत्येक प्रश्नाला उत्तर होतं. "बंधू, आज्ञांचं ओझं आता आपल्यावर नाही. ख्रिस्ताने सगळं फेडलं. मीही थोडं फेडतो, असं तुम्ही म्हणालात, तर त्याचं फेडणं अपुरं होतं असा अर्थ होईल. मागे वळून बघू नका."

काय घेतलं, कोणाचं घेतलं, ते त्याने विचारलं नाही. मारोलोपला तेच बरं वाटलं.

घरी त्याने तियाम्साला सांगितलं. ती तांदूळ पाखडत होती. ती जुन्या चर्चमध्येच जायची. आज्ञा ऐकून उत्तर द्यायची.

"मग तुमच्या तिकडे आज्ञा वाचत नाहीत, म्हणून झरा उलटा वाहायला लागला का?" ती म्हणाली.

"तुला कृपा कळत नाही, रोतुआची आई."

"मला तांदूळ कळतो," ती म्हणाली, आणि पाखडत राहिली.

वाल्देन सोडणारा नव्हता. माडीच्या दुकानात मारोलोप आता कॉफी घेऊन बसायचा.

"लाए, नव्या मंडळीत आज्ञांना सुट्टी दिली म्हणे?"

"त्यांचं काम झालं. पाप दाखवायला होत्या. पाप धुतलं गेलं."

"म्हणजे आता चोरी चालते?"

"चालते कोण म्हणतो? तारण झालेल्याला करावीशीच वाटत नाही."

"आणि आधी केलेली?"

मारोलोपने कप खाली ठेवला. "तीही धुतली गेली."

"धुतली गेली, कबूल. पण माल कोणाच्या घरात वाळतोय?"

"सिंतुआ, रविवारचं रविवारी बोला हो," कोपऱ्यातून कोणीतरी ओरडलं. "इथे आम्ही पिऊन राहिलोय!"

हशा झाला. पण घरी जाताना वाटेत दोघेच असताना वाल्देन हळू आवाजात म्हणाला, "लाए, मी तुझ्या भावाचं खाचर कसतो. पाणी किती येतं ते मला दिसतं. गडगा पूर्वी कुठे होता ते मला ठाऊक नाही, मी या पायरीवरचा नाही. मी कोणाला बोललोही नाही. पण एक सांगतो. माझं मनगट मोडलं होतं, आठवतं? हाड बसवणाऱ्याने बसवलं. फुकट बसवलं. बरं झाल्यावर मी त्याला विचारलं नाही, की आता मला काम करायलाच पाहिजे का? बरं झालेलं मनगट असतं कशासाठी?"

"आज्ञा पाळून कोणी वाचत नाही, वाल्देन."

"नाहीच वाचत. आमचे पाळकही तेच सांगतात. मी वाचण्याचं बोलत नाहीये. वाचलेल्याचं बोलतोय."

मारोलोप चालत राहिला. त्याला समजलं नाही असं नव्हतं. पण पहार उचलायची म्हणजे पंचक्रोशी विचारणार, गडगा का काढतोस? रोतुआचं लग्न ठरत होतं. मग धाकटीचं. मग कंबर धरली. पांतास आला की तोंडावर सांगू, असं त्याने ठरवलं. पांतास दर वर्षी पुढच्या वर्षी येणार होता.

मारोलोप अडुसष्ट वर्षांचा असताना फोन आला. पांतासचा आवाज चाळणीतून यावा तसा येत होता. मध्ये मध्ये खोकला.

"आंगकांग, छातीत पाणी झालंय. डॉक्टर काही धड सांगत नाही. मला घरी यायचंय."

"ये."

"झऱ्याजवळ एक खोली बांधावी म्हणतो. पाण्याचा आवाज ऐकत पडून राहीन. मोठी नको. एका खाटेपुरती." खोकला. "जागा देशील ना, आंगकांग?"

मारोलोपने फोन दुसऱ्या कानाला लावला. तुझीच आहे, एवढे दोन शब्द. तीस सेकंदांचं काम. दगड नाही, पहार नाही.

"ये तू आधी," तो म्हणाला.

"भात कापून झालं की घरचे लोक गाडी करतील. महिना, सव्वा महिना."

दुसऱ्या दिवशी सकाळी मारोलोपने पहार घेतली आणि गडग्याचा वरचा थर उतरवायला सुरुवात केली.

"पोट आलंय त्याला," विचारणाऱ्यांना तो सांगायचा. "पडायच्या आधी नव्याने रचतो." कोणी मदत देऊ केली तर नको म्हणायचा. वाल्देन एकदा बांधावर येऊन उभा राहिला. बराच वेळ त्याने बघितलं. मग पाण्याचं भांडं ठेवून निघून गेला.

तरुणपणी अकरा दिवस लागले होते. आता एक दगड पहारीने तीन दमांत हलायचा. पाच पावलांची वाट त्याने ओंडक्यांवरून दगड गडगडवत कापली. पहिल्या आठवड्यात बोटांची नखं काळी झाली, दुसऱ्या आठवड्यात डावा गुडघा सुजला. बाराव्या दिवशी तियाम्सा जेवण घेऊन आली, आणि म्हातारी बसायची त्याच दगडावर बसली.

"त्याला फोन करा," ती म्हणाली.

"आधी काम पुरं होऊ दे."

"काम नंतरही होईल. आधी सांगा."

"रोतुआची आई, तो येईल तेव्हा गडगा जागेवर असेल. त्याला दिसेल. सांगायची गरज काय?"

"म्हणजे याही वेळी गुपचूप."

तो एक दगड फिरवत होता. शेवाळलेली बाजू बाहेर यायला हवी होती. साधा गडगा रचला असता तर वीस दिवसांत झाला असता. पण हा गडगा नवा दिसून चालणार नव्हता. तो कधी हललाच नव्हता असं वाटायला हवं होतं. त्याला दुसऱ्या तऱ्हेने रचताच येत नव्हतं. जुनी चर पुन्हा उघडली, नवी बुजवली, गवताचे तुकडे पुन्हा बसवले. त्याच्या मनात एक चित्र होतं: पांतास आंब्यापासून मोजत येतो, एकोणीस म्हणतो, हसतो, आणि दोघांपैकी कोणालाही काही बोलावं लागत नाही.

चौतिसाव्या दिवशी तो वरच्या थराला लागला. तियाम्सा बांधावरून येताना त्याला दिसली. ती धावत नव्हती. तिच्या हातात फोन होता आणि ती फार हळू चालत होती. त्यावरूनच त्याला कळलं.

उरलेले नऊ दगड त्याने त्याच दुपारी बसवले. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं. शेवाळाकडे त्याने बघितलं नाही. ते नऊ दगड गडग्यावर अजून वेगळे दिसतात.

तिसऱ्या दिवशी नावेतून शवपेटी आली. बरोबर पांतासची बायको रुस्मिना. ती बंदरातच वाढलेली. गावात दुसऱ्यांदाच येत होती. शवपेटीवर उलोस, म्हणजे तिकडची विणलेली शाल, लाल-काळ्या काठांची. खाचरात आंब्याखाली पेटी ठेवली, जुन्या चर्चचे पाळक आले, सगळं गाव जमलं. कुळातला थोरला म्हणून पहिलं बोलायचा मान मारोलोपचा. तो उभा राहिला. काय बोलायचं ते त्याने ठरवलं होतं: भाऊ घरी आला, आपल्या जमिनीत आला.

पण त्याच्याआधी रुस्मिना पुढे आली. थोरल्या दिरालाही बायका आमांगच म्हणतात आणि त्याच्याशी बोलताना नजर खाली ठेवतात, तशी तिने ठेवली.

"आमांग, कुठे खणायचं ते त्यांनी मला सांगून ठेवलंय. आंब्यापासून चौदा पावलं, गडग्याला लागून. शेवटच्या आठवड्यात रोज सांगत होते. मी सकाळी येऊन मोजलं. चौदा पावलांवर गडगाच नाही. गडगा एकोणिसावर आहे." तिने पदराने नाक पुसलं. "आजारात डोकं ठिकाणावर नव्हतं त्यांचं. चुकले असतील मोजायला. नाही का?"

सगळे त्याच्याकडे बघत होते. वाल्देन बघत होता. तियाम्सा जमिनीकडे बघत होती.

काही करायचं उरलं नव्हतं. गडगा जागेवर होता. झरा ज्याचा त्याला मिळाला होता. फक्त हो म्हणायचं, चुकला असेल बिचारा. मग सगळं बुजलं असतं, गवतासकट. फक्त पांतास खोटा ठरला असता, आणि तो उठून सांगू शकणार नव्हता.

"चुकला नाही तो," मारोलोप म्हणाला.

मागच्यांना ऐकू गेलं नाही. त्याने पुन्हा म्हटलं.

"चुकला नाही. चौदाच होती. भूकंपाच्या साली मी गडगा पाच पावलं आत घेतला. त्याची आई मला इथे जेवण आणून द्यायची, तिला दिसत नव्हतं. सत्तावीस वर्षं झरा माझ्याकडे होता. आत्ता, या महिन्यात, मी तो परत सरकवला. तो जिवंत असताना त्याला सांगितलं नाही. फोनवर त्याने मला जागा मागितली. त्याचीच जागा. तरी नाही सांगितलं."

पाण्याचा आवाज येत होता.

रुस्मिनाने प्रथमच नजर वर केली. "म्हणजे त्यांना ठाऊक होतं," ती सावकाश म्हणाली. "मला म्हणाले होते, गडग्यापलीकडे कुदळ मारू देऊ नकोस, ते आंगकांगचं आहे. मी म्हटलं, झरा तर तुमचा म्हणता ना? तर म्हणाले, आंगकांगच्या घरी एक महिना भात नसायचा."

मारोलोप खाली बसला.

"कुठे खणायचं, इनांग?" कुदळ धरलेल्या माणसाने रुस्मिनाला विचारलं.

"चौदावर," रुस्मिना म्हणाली. "त्यांनी सांगितलंय तिथेच."

तिथेच खणलं. नुकत्याच बुजवलेल्या चरीच्या रेषेवर माती भुसभुशीत होती, कुदळ सहज गेली. ती कोणी आणि कधी भुसभुशीत केली, हे आता सगळ्यांना ठाऊक होतं.

संध्याकाळी मारोलोप रुस्मिनाकडे गेला. "थडगं मी बांधतो. दगडी. फुकट."

तिने त्याच्या काळ्या नखांकडे बघितलं. मग म्हणाली, "नको, आमांग. तुमचे हात थकले असतील." तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर त्याला बरं वाटलं असतं. थडगं बाजाराच्या गावातल्या गवंड्याने सिमेंटचं बांधलं. खाचरातच आहे ते, गडग्यापासून पाच पावलांवर. वरच्या कडेला भेग पडली आहे. मारोलोपला ती रोज दिसायची आणि तिला हात लावायची त्याला परवानगी नव्हती.

तो रविवारी पुन्हा जुन्या चर्चमध्ये तियाम्साशेजारी बसू लागला. नव्या मंडळीशी त्याने भांडण केलं नाही. चोरीच्या आज्ञेचा रविवार आला, तेव्हा तो उभा राहिला आणि सगळ्यांबरोबर त्याने उत्तर दिलं. बळ दे, म्हणताना त्याचा आवाज इतरांच्या मागे राहायचा. वाल्देनने तापाचा विनोद पुन्हा कधी केला नाही.

पुढच्या वर्षी अकराव्या महिन्याअखेर तांदूळ संपला. मुलं आपापल्या घरी. खाणारी तोंडं दोनच, पण गुडघ्यामुळे त्याला आता अर्धंच खाचर कसता यायचं. तियाम्साने रताळी उकडली. एक दिवस दुपारी योनातान भेटायला आला. त्याचेही केस आता पांढरे होऊ लागले होते. तियाम्साने त्याच्यासमोर ताटली ठेवली.

"बंधू, भात नाही?" तो गमतीने म्हणाला. "उपास चाललाय की काय?"

"हा महिना पांतासचा आहे," मारोलोप म्हणाला. आणि मग त्याने पहिल्यापासून सांगितलं.

योनातानने रताळं हातात धरून ठेवलं होतं. "तुम्ही मला एकदा विचारलं होतं," तो शेवटी म्हणाला. "मी तुम्हांला विचारायला हवं होतं, काय घेतलं म्हणून."

"तुम्ही विचारलं नाही. मी सांगितलं नाही."

"तुम्हांला क्षमा झाली आहे, बंधू. त्या दिवशी मांडवात झाली. ते मी आजही म्हणेन."

"झाली," मारोलोप म्हणाला. "त्याबद्दल मला शंका नाही. त्या दिवशी नावेतून घरी आलो तेव्हा अंग एवढं हलकं होतं, की कुठलाही दगड उचलला असता. दुसऱ्या दिवशी सकाळी पहार घेतली असती तर बारा दिवसांत झालं असतं. पांतास आता इथे बसला असता, तुमच्या जागेवर. त्याने चिडवलं असतं मला." तो थांबला. "अंग हलकं केलं होतं ते त्यासाठीच. मी नुसता हलका फिरत राहिलो."

तियाम्साने ताटली नवऱ्याच्या पुढे सरकवली. "थंड होतंय," ती म्हणाली.

त्याने एक रताळं उचललं. बोटं आता नीट मिटत नव्हती. सालं काढायला त्याला वेळ लागला, आणि दोघांपैकी कोणीही ते काम त्याच्याकडून काढून घेतलं नाही.